गेम विकत घेतो पण खेळवत नाही, वय झालं का माझं?

पत्र:

ताई, मी ३४ वर्षांचा, पिंपरीत एका कंपनीत सपोर्टला आहे. कॉलेजला असताना कॅफेत बसून सीएस १.६, व्हाईस सिटी, आयजीआय, मोस्ट वाँटेड सगळं वाजवलंय. गेल्या वर्षी बोनसमधून गेमिंग लॅपटॉप घेतला आणि सेलमध्ये एल्डन रिंग, रेड डेड २ आणि सिल्कसाँग घेतले. तिन्ही अर्धवट पडलेत. मुलगी ३ वर्षांची आहे, ती झोपली की साडेदहाला बसतो, तास दीड तास मिळतो, त्यात पण ती मधेच उठते. एल्डन रिंगमध्ये मार्गिट नावाच्या बॉसवर अडकलोय. ग्रुपवरचे मित्र म्हणतात "गिट गुड", म्हणजे आधी नीट खेळायला शीक, नाहीतर कँडी क्रश खेळ. बायको म्हणते एवढ्याचा लॅपटॉप घेतला आणि त्यावर दुसऱ्यांना खेळताना बघत बसतोस यूट्यूबवर. तिचं चूक नाहीये. वय झालं का माझं? लॅपटॉप विकून टाकू का? का तुम्ही हल्ली खेळलेलं काही चांगलं सुचवाल?
– अर्धवट, चिंचवड

उत्तर:

अर्धवटराव, लॅपटॉप अजिबात विकू नकोस. निम्मे पण यायचे नाहीत त्याचे आणि पुढच्या दिवाळीला परत नवीन घ्यायला जाशील, मी ओळखते तुमच्यासारख्यांना, घरात एक आहे.

आणि वयाचं सोड. मी चाळिशी कधीच ओलांडलीये, चष्मा लागलाय, आणि तरी रात्री किचन आवरून झालं की बसतेच. तुझा प्रॉब्लेम वयाचा नाही, तुझा प्रॉब्लेम हा आहे की तू तीन गेम घेतलेस, तिन्ही भारी आहेत, आणि तिन्ही रात्री साडेदहाला मधेच उठणारी पोरगी असलेल्या माणसासाठी नाहीयेत. एक सांग, तू यूट्यूबवर दुसऱ्यांना खेळताना का बघतोस? आळस नाहीये तो. यूट्यूब स्पेसबार दाबला की थांबतं आणि उद्या परत तिथूनच सुरू होतं, बस. एल्डन रिंग थांबत नाही.

खरंच थांबत नाही, त्यात सरळ पॉझचं बटणच नाहीये. मेनू उघडलास तरी मागे तो काठीवाला मार्गिट येतोच आहे तुझ्याकडे. २०२२ च्या फेब्रुवारीत आला तेव्हापासून हे असंच आहे, डिफिकल्टी कमी करायचं बटणपण नाही, तो बनवणाऱ्या मियाझाकी आणि फ्रॉमसॉफ्टवेअरवाल्यांची ती ठरवून केलेली गोष्ट आहे आणि मला ती पटते पण. अख्खा दिवस रिकामा असेल ना तर तो गेम म्हणजे स्वर्ग आहे, घोड्यावर बसून नुसतं फिरत राहावं, लांब कुठे तरी काहीतरी चमकतंय तिकडे जावं आणि तिथे कोणीतरी येऊन ठोकावं. पण तो मार्गिट काय करतो बघ ना, काठी वर उचलतो आणि तिथेच धरून ठेवतो, आपण घाबरून रोल मारतो, रोल संपून आपण उभे राहतो आणि मग तो निवांत ती काठी खाली आणतो. म्हणजे तुझी घाई झाली की तू मेलास. आता साडेदहाला एक कान बेडरूमकडे लावून बसलेल्या माणसाला घाई नसणार तर काय असणार? मुलगी रडली, तू तसाच एक्झिट मारलास, तर परत आल्यावर धुक्याच्या दाराबाहेर उभा, मारामारी पहिल्यापासून. मग तू म्हणणार जाऊ दे, व्हिडिओच बघू.

तुझे ते ग्रुपवरचे मित्र. गिट गुड म्हणणारे. त्यांच्यातल्या किती जणांच्या घरी रात्री दूध गरम करायला उठावं लागतं ते एकदा विचार, उत्तर मला कळवायची गरज नाही.

रेड डेड २ चं दुखणं वेगळं. तो थांबतो, सेव्हपण होतो, पण तो तुला ओळखत नाही. म्हणजे असं, की त्यात बटणं इतकी आहेत आणि प्रत्येक ठिकाणी वेगळं काम करतात की आठ-दहा दिवस गॅप पडला की तू गावातल्या माणसाला नमस्कार करायला जातोस आणि बंदूक रोखतोस, मग तो बोंबलतो, शेरीफ येतो, आणि तुझा तास संपला. सुरुवातीचा तो बर्फातला भाग तर मला पण जड गेला, कपाट उघड, एक डबा उचल, खिशात टाक, दुसरा डबा उचल. पुढे मात्र त्यातला नायक आर्थर मॉर्गन असा काही मनात बसतो की मी कॅम्पमध्ये नुसती शेकोटीपाशी बसून लोकांच्या गप्पा ऐकायचे, मिशनला जायचंच नाही. पण त्याला सलग दिवस लागतात. तुझी मंडळी माहेरी गेली की काढ तो. तोपर्यंत डिस्कवरचे शंभराच्या वर जीबी मोकळे कर.

सिल्कसाँगबद्दल थोडक्यात सांगते कारण त्यावर भांडणं होतात. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आला तेव्हा एवढी झुंबड उडाली की स्टीमचं ऑनलाइन गेमचं दुकानच काही वेळ बंद पडलं होतं, तू पण त्याच लाटेत घेतलेला दिसतोयस. ॲडलेडच्या टीम चेरीचं काम, बघायला अप्रतिम, त्यातली नायिका हॉर्नेट तिरकी खाली येऊन मारते ते हातात बसलं की मजा आहे. पण तुला सुरुवातीला पाच मास्क, म्हणजे पाच जीव, आणि बरेच जण एका फटक्यात दोन उडवतात, म्हणजे हिशोब कर. तो गेम हाताला रोज सवय मागतो. चार दिवस सोडलास की हात विसरतो. मी अर्ध्यात ठेवलाय आणि मला त्याचं काही वाटत नाही.

आता तू म्हणशील कॉलेजला तर मी याच्यापेक्षा अवघड गेम खेळलोय. खेळलास की. आयजीआयमध्ये मिशनच्या मधे सेव्ह नव्हतंच, अख्खा तळ साफ करत आलास आणि शेवटी कुठल्या तरी टॉवरवरच्या स्नायपरने उडवलं की परत तारेच्या कुंपणापासून. व्हाईस सिटीत सेव्ह करायला हॉटेलपर्यंत गाडी चालवत जायचं. तेव्हा चालायचं कारण तेव्हा आपल्याकडे दुपार होती, अख्खीच्या अख्खी, आणि मधे उठायचं कारण म्हणजे फक्त कॅफेवाल्याचा टाईम संपणं. आता तुझ्याकडे दुपार नाहीये. एवढंच झालंय.

म्हणून मी काय करते, गेम किती तासांचा आहे, किती अवघड आहे, रिव्ह्यूत दहापैकी किती आहेत हे बघतच नाही आधी. दोन गोष्टी बघते. मधेच उठावं लागलं तर उठू देतो का, आणि आठवड्याने परत आले तर मी कुठे होते हे मला सांगतो का.

या दोन्हीत मला हल्ली खेळलेल्यांत सगळ्यात जास्त आवडला तो आउटर वाइल्ड्स, २०१९ चा आहे, म्हणजे तुझ्या लॅपटॉपला काहीच नाही. नाव नीट वाचून घे हां, आउटर वर्ल्ड्स म्हणून दुसराच एक गेम त्याच वर्षी आलाय, त्यात बंदुका आहेत, तो नको. यात तू एका छोट्याशा ग्रहावर शेकोटीपाशी जागा होतोस, लाकडाच्या फळ्या ठोकून बनवल्यासारखं एक यान आहे, ते घेऊन कुठेही जा. २२ मिनिटांनी सूर्य फुटतो. सगळं संपतं आणि तू परत त्या शेकोटीपाशी. तुला नवीन शस्त्र मिळत नाही, ताकद वाढत नाही, लेव्हल बिव्हल काही नाही, फक्त आधीच्या वेळी जे कळलं ते तुझ्या डोक्यात राहतं आणि यानातल्या लॉगमध्ये राहतं. आणि तो लॉग म्हणजे काय सोय आहे रे, कुठे काय वाचलं, कशाचा धागा कशाला जोडलेला आहे, कुठे अजून बघायचं बाकी आहे, सगळं चित्रासकट भिंतीवर लावल्यासारखं. पंधरा दिवसांनी आलास तरी दोन मिनिटांत कळतं की अच्छा, आपण त्या वाळूच्या ग्रहाचं बघत होतो.

तो वाळूचा प्रकार तर ऐकच. दोन ग्रह आहेत एकमेकांभोवती फिरणारे आणि एकावरची वाळू दुसऱ्यावर पडत असते, सतत, मोठ्या खांबासारखी. म्हणजे सुरुवातीच्या मिनिटांत एका ग्रहाच्या गुहा मोकळ्या असतात आणि नंतर त्या वाळूने भरत जातात, आणि दुसऱ्यावर जे गाडलेलं होतं ते उघडं पडत जातं. मी एका गुहेत भिंतीवरचं वाचत बसले होते, भारी काहीतरी कळत होतं, आणि पायाखालची वाळू वर वर येतीये हे लक्षातच नाही, मान वर केली तर छत डोक्याला टेकायला आलेलं. ओरडले मी. लेक बाहेर आला बघायला काय झालं. तर हा असा गेम आहे, एकही शत्रू बंदूक घेऊन मागे लागत नाही आणि तरी घाम फुटतो (एक ग्रह आहे धुक्याचा, तिथे मासे आहेत, त्याबद्दल मी बोलणार नाही, तू जाशीलच). तुझ्यासाठी सांगायचं म्हणजे २२ मिनिटं ही मोजलेली वेळ आहे, एक फेरी, फार तर दोन, आणि झोप. मधे पोरगी उठली तर पॉझ होतो, सरळ बंद केलास तरी लॉग जात नाही. फक्त एक अट आहे, याचे व्हिडिओ बघायचे नाहीत. एक पण नाही. यात कळणं हाच गेम आहे, दुसऱ्याला कळताना बघितलंस तर तुझ्यासाठी काहीच उरणार नाही.

मारामारीची खाज आहे ती कुठे भागवायची, तर हेडीस. पहिला भाग, २०२० चा. दुसरा पण आता पूर्ण होऊन आलाय २०२५ मध्ये पण पहिल्यापासूनच सुरू कर, सेलमध्ये स्वस्तात मिळतो. पाताळातून पळून जाणारा पोरगा, बाप तिथला राजा, प्रत्येक वेळी मेलास की घरी परत, रक्ताच्या तलावातून बाहेर येतोस आणि बाप टेबलावर कागद बघत बसलेला असतो आणि मान वर न करता टोमणा मारतो. आपल्याकडच्या किती तरी घरांत हा सीन झालेला आहे. आणि इथे मरणं वाया जात नाही, घरी आलं की कोणीतरी काहीतरी नवीन बोलतं, तीन डोक्यांच्या कुत्र्याला थोपटता येतं, आरशापाशी जाऊन थोडी ताकद वाढवता येते. एक फेरी साधारण अर्ध्या तासाची. मधे बंद केलीस तर त्याच खोलीच्या सुरुवातीपासून परत सुरू. आणि सेटिंगमध्ये गॉड मोड म्हणून आहे तो लाव. सुरुवातीला २० टक्के मार कमी लागतो आणि दर मरणाला २ टक्के अजून कमी, ८० पर्यंत. लाज वाटत असेल तर ग्रुपवर सांगू नकोस, बस.

आता एक उलटं उदाहरण, नाहीतर तू म्हणशील ताई म्हणते छोटे गेमच खेळ. बाल्डर्स गेट ३. शंभर तास सहज खातो, दीडशे जीबी जागा खातो, आणि तरी तुझ्या घरात तो एल्डन रिंगपेक्षा बरा बसेल. कारण लढाई पाळीपाळीने आहे. तुझी पाळी आली की गोब्लिन, राक्षस, जे कोण असेल ते सगळे तुझ्यासाठी थांबून राहतात, तू दूध गरम करून, थोपटून, पाणी पिऊन ये, सगळे जागच्या जागी. एफ ५ दाबला की सेव्ह. आमच्याकडे तो महिनोन्महिने चालू होता, मालिकेसारखा, रोज एक एपिसोड, आज नुसतं एका तळघरात उतरलो, आज नुसतं एकाशी बोललो. प्राण्यांशी बोलायचं औषध मिळतं त्यात, ते पिऊन रस्त्यात दिसेल त्या खारीशी, बैलाशी बोलत सुट, काही काही तर असे उद्धट आहेत की विचारू नकोस. गोष्टीच्या तिसऱ्या भागात शहरात गेल्यावर मला थोडा कंटाळा आला, फार कामं अंगावर पडतात एकदम, पण तोपर्यंत तू पुढच्या बोनसला पोचलेला असशील.

एक्स्पेडिशन ३३ पण पाळीपाळीचाच, फ्रान्समधल्या मोंपेलियेच्या एका नव्या टीमने केलेला, २०२५ मध्ये एवढा गाजला. त्यात दरवर्षी एक बाई मोठ्या खांबावर एक आकडा रंगवते आणि त्या वयाची माणसं धूर होऊन उडून जातात, आणि आकडा दरवर्षी एकने कमी होतो. गेम सुरू होतो तेव्हा आकडा येतो ३३. तू ३४. म्हणजे पहिल्याच तासात तुझं काम झालेलं आहे, बस बोंबलत. तो पहिला तास मात्र असा आहे की मी लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन उभी राहिले. पण एक लक्षात घे, शत्रूचा वार येतो तेव्हा बरोब्बर क्षणाला बटण दाबून अडवायचं असतं, म्हणजे पाळीपाळीचा असून कान बेडरूमकडे ठेवता येत नाही. सोप्या मोडवर खेळलास तर जमेल.

बलाट्रो? सगळे तुला बलाट्रो सांगतील. फोनवर पण मिळतो, कॅनडातल्या एकाच माणसाने बनवलाय, पोकरचे हात लावायचे आणि जोकर गोळा करायचे, दीडशे जोकर आहेत, जोडी लावली की सुरुवातीला १० चिप्स गुणिले २ असं काहीतरी किरकोळ आणि नंतर एकेक जोकर असा जुळतो की लाखांत आकडे जातात आणि स्कोअरला आग लागते, खरोखरची, स्क्रीनवर. पैसे लावायचे नसतात, जुगार नाहीये, पण हे सासूबाईंना सांगून बघ, त्यांना दिसतात ते पत्ते. हा गेम कधीही उठू देतो, आपणच उठत नाही. रात्री साडेदहाला लावायचा नाही म्हणजे नाही, सकाळी कंपनीच्या बसमध्ये ठीक.

आता बायकोचं. ती जे म्हणाली त्यात मला तक्रार कमी आणि बोलावणं जास्त ऐकू आलं, पण तुमच्या घरात काय आहे ते तुलाच माहीत. व्हेन्बा म्हणून छोटासा गेम आहे, २०२३ चा, दीडेक तासात संपतो, एकाच रात्री. टोरांटोच्या टीमने केलाय, तमिळ जोडपं १९८८ मध्ये कॅनडात येऊन राहिलंय, आईची रेसिपीची वही फाटलीये, डाग पडलेत, आणि जे वाचता येत नाही ते आपण शोधायचं. पहिलीच इडली. ताटल्या एकावर एक अशा ठेवायच्या की वाफ सगळीकडे पोचली पाहिजे. तू अडकशील, ती नाही अडकणार, माऊस तिच्याकडे दे. पुढे मुलगा मोठा होतो आणि घरात तमिळ बोलायला लाजतो वगैरे, तिथे मी गप्प झाले, माझ्या भाचीची पोरं न्यू जर्सीत आहेत.

दोघांनी मिळून मोठा खेळायचा तर इट टेक्स टू, दोन माणसं लागतातच त्यात, एकट्याला सुरूच करता येत नाही. एक तरी कंट्रोलर घ्यावा लागेल. घटस्फोट घ्यायला निघालेले आईबाप बाहुल्या होतात अशी गोष्ट आहे, खेळायला धमाल आहे, फक्त एक कापडी हत्तीचा प्रसंग येतो, आणि घरात तीन वर्षांची मुलगी असताना तो प्रसंग... जाऊ दे. पोरगी झोपलेली असताना खेळा.

आणि पुण्यात राहतोस तर राजी बघ एकदा, आपल्या पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२० चा. डोंबाऱ्यासारखे खेळ करणारी मुलगी, भावाला असुर पळवून नेतात, ती दुर्गेचं त्रिशूळ घेऊन मागे निघते. गोष्ट सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगतात ते फार देखणं आहे, भिंतींवरची चित्रं थांबून बघाविशी वाटतात. मारामारी मात्र कधी कधी रटाळ होते, आणि शेवट असा येतो की जणू लाईट गेली. आपला म्हणून मी त्याला जास्त मार्क देणार नाही, पण चार-पाच तासांचा आहे आणि ते तास मला आवडले.

घेताना एक कर. स्टीमवर विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असशील तर पैसे परत मिळतात. त्या पहिल्या दोन तासांत मुद्दाम एकदा मधेच बंद कर, चार दिवसांनी परत उघड आणि बघ तुला काय आठवतंय, गेम काय आठवण करून देतोय. नाही जमलं तर परत. सेल आहे म्हणून एकदम तीन घ्यायचे नाहीत, एक संपला किंवा एक सोडून दिला की मगच दुसरा. सोडून देणं चालतं. शाळा नाहीये ती.

राहिला तुझा मार्गिट. अनइन्स्टॉल करायचा तर कर, तुझी सेव्हची फाईल लॅपटॉपवर राहते, कुठे जात नाही. आणि कधी एखादा रविवार मिळाला, आजी-आजोबा पोरीला घेऊन बागेत गेले, तर सरळ त्याच्याकडे जाऊच नकोस. पूल ओलांडून दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुलात जा, तिथे तुझ्या ताकदीचे लोक आहेत, चार लेव्हल वाढव, तलवार वाढव. रात्रीच्या वेळी एलेहच्या पडक्या चर्चमध्ये एक निळी बाई बसलेली असते तिच्याकडून घंटा घे, लांडगे बोलावता येतात, मार्गिट त्यांच्यामागे लागला की तुला श्वास घ्यायला वेळ. आणि मर्कवॉटरच्या गुहेत पॅचेस नावाचा एक भामटा आहे, तो ५००० रून्सला, म्हणजे त्या गेममधल्या पैशांना, एक साखळदंड विकतो, तो वापरला की मार्गिट थोडा वेळ जमिनीला खिळतो, पहिल्या अर्ध्यातच चालतो पण तेवढं पुरतं. फक्त पॅचेस आधी तुझ्यावरच हल्ला करेल आणि मार खाल्ला की हातापाया पडेल, तेव्हा रागात त्याला मारून टाकू नकोस, मेला की त्याचं तिथलं दुकान बंद.